अर्धं की सगळं

दुपारची खेप भट्टीतून बाहेर पडली होती आणि संध्याकाळची अजून मळायची होती. त्या मधल्या दोन तासांत दादांच्या पोटाचा निकाल लावायचा, असं ठरलं होतं. घरी नको, हे फर्मान आक्कांचं. घरी प्रत्येकाला रुसून जायला आपापली खोली आहे. बेकरीला दार एकच, आणि त्या दारात आक्का स्वतः खुर्ची टाकून बसल्या होत्या. दादा आणि भाऊ या दोन्ही भावांची ही थोरली बहीण. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण तास संपल्याची घंटा अजून त्यांच्याच हातात होती.

मळणीच्या लांब टेबलावर दोन फायली पडल्या होत्या, एक निळी आणि एक गुलाबी. निळ्या फायलीतल्या सर्जनबाई म्हणत होत्या, जठर सगळं काढा. गुलाबी फायलीतला सर्जन म्हणत होता, वरचा अर्धा भाग काढा, खालचा राहू द्या. कॅन्सरची गाठ एक, पोट एक, माणूस एक, आणि शहाणी माणसं दोन. गेले आठ दिवस घरातल्या प्रत्येकानं त्या फायली इतक्या वेळा चाळल्या होत्या की दोन्हींवर पिठाचे अंगठे उमटले होते. उजेड मात्र कुणाच्याच डोक्यात पडला नव्हता.

‘मोठी’ टेबलाच्या कोपऱ्याशी उभी होती. दादांची बायको. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ‘मोठी’ म्हणून हाक मारली आणि तेच नाव पडलं. घरात तिचं मत शेवटी विचारायची रीत होती, कारण ती बोलली की विषय संपायचा. आज मात्र तिची पंचाईत झाली होती. जो बोलेल त्याचं तिला पटत होतं.

“वहिनी, साधी गोष्ट आहे,” भाऊ म्हणाला. हा दादांचा धाकटा भाऊ, बेकरीतला निम्म्याचा भागीदार. “पोत्यात अळी दिसली तर आपण अर्धं पीठ ठेवतो का? अख्खं पोतं फेकतो. का फेकतो? कारण दिसली एक तरी न दिसलेल्या दहा असतात.”

बरोबर आहे, मोठीला वाटलं. अगदी बरोबर.

“काका, ते पोतं आहे. हे बाबांचं पोट आहे,” बारक्या म्हणाला. हा मोठीचा मुलगा. लहानपणी किडकिडीत होता म्हणून बारक्या. आता दारातून आत यायचं तर आक्कांना खुर्ची सरकवावी लागायची. “सगळं काढलं की अन्ननलिका थेट आतड्याला जोडतात. साठवायला जागाच नाही. दिवसातून आठ वेळा चिमणीएवढं खायचं. वजन असं उतरतं की माणूस ओळखू येत नाही. वर जन्मभर बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं. अर्धं ठेवलं तर निदान जेवल्यासारखं वाटेल की नाही?”

हेही बरोबर, मोठीला वाटलं.

“आणि अर्ध्याचं काय?” भाऊ उसळला. “वरचा भाग गेला की वरची झडप गेली. खाल्लेलं उलटं येणार, घसा जळणार. खाऊन वाकायचं नाही, सपाट झोपायचं नाही. आणि दर वर्षी दुर्बीण घालून बघायचं, राहिलेल्या अर्ध्यात काही उगवलं तर नाही ना. रोजचं मरण आहे ते.”

“तो डॉक्टर म्हणालाय की जोडताना अन्नाला दोन वाटा करून देतो. उलटं येणं कमी होतं.”

“कमी होतं. बंद होतं, असं म्हणालाय का?”

बारक्या फाईल पुन्हा चाळू लागला. मोठी पुन्हा भाऊच्या बाजूला गेली.

तिला कळत नव्हतं ते वेगळंच. ही भट्टी विटांची, तिचं तोंड गुडघ्याच्या उंचीवर. सासऱ्यांनी बांधली तेव्हापासून कमरेत वाकून लांब दांड्याच्या लाकडी फळ्यानं पाव आत सारायचे आणि वाकूनच बाहेर ओढायचे. कंबरेच्या उंचीची विजेची भट्टी आणू या, म्हणून भाऊनं तीन वर्षांपूर्वी घर डोक्यावर घेतलं होतं. दादा म्हणाले, माझ्या हयातीत नाही. मग दीड वर्ष दोघे भाऊ एकाच टेबलाच्या दोन टोकांना काम करत आणि एकमेकांना निरोप धाडायचे ते मोठीच्या तोंडून. बारक्या तेव्हा बापाच्या बाजूनं. विटांच्या भट्टीचा पाव तो वासावरून ओळखायचा. आणि आज? अर्धं ठेवलं तर दादांचं वाकणं बंद, म्हणजे भाऊची भट्टी आपोआप आली. तरी भाऊ म्हणतोय सगळं काढा. सगळं काढलं तर विटांच्या भट्टीला तूर्त धक्का नाही, तरी बारक्या म्हणतोय अर्धं. माणसं आपल्याच हिताविरुद्ध का भांडतायत? का यात तिला न दिसणारं काही हित आहे? पस्तीस वर्षं या घरात काढून तिला वाटायचं, कुणाच्या पोटात काय आहे हे आपल्याला सांगावं लागत नाही. आता खऱ्याखुऱ्या पोटाशी गाठ पडली तर तिची मतीच गुंग झाली.

ज्याचं पोट तो माणूस टेबलाच्या पलीकडे संध्याकाळची पहिली कणीक मळत होता. यंत्रानं मळून झाली तरी दादा शेवटचा हात स्वतः फिरवायचे.

“दादा, तू बोल की काहीतरी,” भाऊ म्हणाला.

“तुमचं चालू द्या. माझ्याच पोटाबद्दल आहे म्हणून ऐकतोय, नाहीतर मला काम आहे.”

“थट्टा सुचतेय याला,” आक्का म्हणाल्या. “अरे बाबा, पाच वाजेपर्यंत कळवायचंय. मंगळवारची जागा धरून ठेवलीय दोघांनीही. तीन वाजून गेले.”

सून, बारक्याची बायको, इतका वेळ काहीच बोलली नव्हती. लग्नाला दीड वर्ष झालेलं, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. तिच्या माहेरी बेकरी सोडा, घरी कुणी पावही भाजला नव्हता. तिनं निळी फाईल ओढली आणि बोटानं एकेक ओळ खाली सरकत वाचायला लागली.

“आई,” ती म्हणाली, “पहिल्या दुर्बिणीच्या दिवशी बाबांनी सकाळी काय खाल्लं होतं?”

“काही नाही. पाणीसुद्धा नाही. नर्सनं दोनदा विचारलं, मीच सांगितलं.”

“इथे लिहिलंय, जठराच्या वरच्या भागात अन्नाचे अवशेष, दृश्य अपुरं, पुन्हा तपासणी करावी.”

“कुठे?” भाऊ आणि बारक्या एकदमच वाकले. आठ दिवस दोघांनी मिळून त्या कागदाचा भुगा केला होता. पण दोघेही वाचायचे ते शेवटचं पान, ‘सल्ला’ लिहिलेलं. ही ओळ तिसऱ्या पानावर, चित्राखाली होती.

“छापील असेल. सगळ्यांच्याच कागदावर असतं,” आक्का म्हणाल्या.

“हातानं लिहिलंय, आत्या.”

“म्हणजे आम्ही खोटं सांगितलं? या घरात डॉक्टरशी खोटं बोलायची रीत नाही.”

“मी तसं नाही म्हणाले. पण प्रयोगशाळेत नमुन्यात काही निघालं तर ते कुठूनतरी आलेलं असतं.” सून मान वर करून बोलत होती आणि बोलता बोलता थांबली. “बाबा, आत्ता तुम्ही तोंडात काय टाकलंत?”

दादांनी इकडेतिकडे पाहिलं. “मी? काही नाही.”

“मी बघितलं.”

“अगं, ती कणीक. मीठ बघितलं.”

“गिळलीत?”

“मग काय खिशात ठेवू?”

भाऊ हसला, बारक्याही हसला. मोठीला तर प्रश्नच कळला नाही. कणीक चाखणं हे काय खाणं आहे? सासऱ्यांचा नियमच होता, काटा मीठ मोजतो पण चव जिभेला कळते. मळलेल्या प्रत्येक खेपेचा चिमूटभर गोळा तोंडात टाकल्याशिवाय ती भट्टीजवळ न्यायची नाही. दादा टाकायचे, भाऊ टाकायचा, बारक्यालाही दात आल्यापासून सवय. उपास असला तरी टाकायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, सकाळपासून पोटात काही नाही. आणि ते त्यांना खरंच वाटायचं.

“त्या दिवशी तपासणी किती वाजता होती?” सुनेनं विचारलं.

“दहाला.”

“आणि बाबा बेकरीत?”

“चारपासून. रोजच्यासारखे. साडेआठला निघालो आम्ही.”

“म्हणजे किती खेपा?”

कुणी हसेना. मोठीनं मनात मोजलं. चारची, पाचची, मग गोड पावाच्या दोन, मग हॉटेलांच्या दोन. “सहा,” ती म्हणाली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“सहा गोळे कच्च्या कणकेचे,” भाऊ हळूच म्हणाला. मग त्याच्यातला बेकरीवाला जागा झाला. “खमीर घातलेल्या. उबेत. दीड तास.” त्यानं दोन्ही तळहात एकमेकांपासून लांब नेले. “फुगली असणार रे. चांगली दुप्पट.”

“आणि डाव्या कुशीवर झोपवलं होतं यांना,” मोठी म्हणाली. “मी दारातून पाहिलं.”

“म्हणजे जठराचा वरचा भाग खाली येऊन सगळी तिथंच जमली. नेमकी त्याच जागी.” सुनेनं गुलाबी फाईल उघडली. “दुसरी तपासणी सुट्टीच्या वाराला झाली. बेकरी बंद. म्हणून यात गाठीची वरची कड स्वच्छ दिसतेय.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आक्का पुटपुटल्या. दादा आपल्या बोटांकडे बघत होते. मोठीला वाटलं, भट्टीत तोंड खुपसावं. नर्सला किती ठासून सांगितलं होतं तिनं! वर रागावलीही होती: पुन्हा पुन्हा काय विचारता, मी बायको आहे त्यांची. पस्तीस वर्षं रोज डोळ्यांसमोर खाणारा माणूस तिला खाताना एकदाही दिसला नव्हता. मग आणखी काय काय दिसलं नसेल? गेल्या वर्षी ते जेवण अर्ध्यावर टाकायला लागले, तेव्हा ती म्हणाली होती, वय झालं.

सुनेनं निळ्या फायलीवरचा नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. सर्जनबाई भेटल्या. सुनेनं कणकेची हकिकत सांगितली तेव्हा पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“आठवतंय मला,” बाई शेवटी म्हणाल्या. “पुन्हा तपासणी करा म्हणून लिहिलं होतं, तुम्ही आलाच नाहीत. कड दिसली नाही, म्हणून मी सुरक्षित पर्याय सांगितला. दुसरीकडचा रिपोर्ट पाठवा, मी बघून लगेच फोन करते.”

वीस मिनिटं गेली. दादांनी कणकेवर ओलं फडकं टाकलं. फोन वाजला.

“बघितलं. गाठ दोन सेंटिमीटरची, वरवरची, कड मोकळी. वरचा अर्धा भाग काढूनही भागेल. सगळं काढलं तरी चूक नाही.”

“पण बरे होतील ना?” मोठीनं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

“फार लवकर सापडलाय हो. या टप्प्यावर दोन्ही ऑपरेशनांनंतर शंभरातली नव्वदहून जास्त माणसं पाच वर्षांनीही ठणठणीत असतात. त्या बाबतीत दोन्हींत डावं-उजवं नाही.”

“मग कुठलं करायचं?” भाऊ ओरडला.

“ते तुम्ही ठरवा. एकात वजन आणि इंजेक्शनं, दुसऱ्यात जळजळ आणि दर वर्षीची तपासणी. कुठला त्रास सोसेल ते पेशंटलाच माहीत. पाचपर्यंत सांगा.”

फोन बंद झाला. घोळ मिटायचा तो दुप्पट झाला होता. आधी दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगत होते. आता दोघं मिळून काहीच सांगत नव्हते.

“मग अर्धंच करू,” भाऊ म्हणाला.

मोठीनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. “अहो भाऊजी, आत्ता तर तुम्ही पोतं फेकत होतात!”

“तेव्हा वाटलं होतं किती पसरलंय कुणास ठाऊक. आता कड दिसलीय ना?”

“नाही,” बारक्या म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “सगळं काढा.”

“अरे, तुझं काय आता?”

“दर वर्षी दुर्बीण म्हणतायत ना? रिकाम्या पोटी. आपण, रिकाम्या पोटी!” त्यानं टेबलावर हात आपटला, पीठ उडालं. “खाणं कशाला म्हणतात तेच आपल्याला माहीत नाही, आई. पुढच्या वर्षी अशीच कणीक घेऊन जाऊ आणि तिच्याखाली काही असलं तर? सगळं काढलं की तो घोरच नको.”

आणि मोठीला तेही पटलं. बापासाठी घासभर जेवण मागणारा मुलगा आता ते सोडायला तयार झाला होता, तो तिच्या चुकीमुळे. तिला त्याच्याकडे बघवेना.

आक्कांनी खुर्ची आत ओढली. “मला एक सांग,” त्या भाऊला म्हणाल्या. “तू अर्ध्यावर आलास तो कड दिसली म्हणून, की वाकणं बंद झालं तर तुझी ती विजेची भट्टी येईल म्हणून?”

मोठीच्या मनात हेच घोळत होतं, पण ते तोंडातून काढायला आक्काच हव्यात. भाऊचे कान लाल झाले. आता हा फडकं फेकून निघून जाणार, असं तिला वाटलं. त्या भांडणात तो तसाच गेला होता.

“आक्का, तू मोठी आहेस म्हणून ऐकून घेतो,” भाऊ म्हणाला. “आठ दिवस मी सगळं काढा, सगळं काढा म्हणून का ओरडत होतो माहितीय? मी अर्धं म्हटलं तर तुम्ही सगळे हेच म्हणाल म्हणून. दादाचं अख्खं पोट गेलं असतं उगाच, पण भट्टीसाठी बोलला असं कुणी म्हणू नये म्हणून मी...” त्यानं मनगटानं नाक पुसलं. “नको मला भट्टी. विटांचीच राहू दे. मी वाकीन. माझी कंबर शाबूत आहे.”

दादा मान खाली घालून उभे होते. मग ते टेबलाला वळसा घालून आले आणि धाकट्या भावाच्या पाठीवर थाप मारली. पाठीवर पिठाचा पांढरा पंजा उमटला.

“चार वाजून चाळीस,” आक्का म्हणाल्या. “माझं चुकलं रे. मोठी, आता तू सांग. तू म्हणशील ते.”

सगळे तिच्याकडे वळले. पस्तीस वर्षांत असं वळलेल्या चेहऱ्यांना तिनं कधी रिकाम्या हातानं परत पाठवलं नव्हतं. लग्नं, वाटण्या, सासऱ्यांचं शेवटचं दुखणं, काहीही असो, ती पदरात हात पुसायची आणि सांगायची. तिनं पदरात हात पुसले. बारक्याची भीती खरी होती. भाऊचं म्हणणं खरं होतं. इंजेक्शनं वाईट, जळजळ वाईट. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठावर उभं राहून डॉक्टर सांगत होते, पाणी सारखंच आहे.

“मला कळत नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे मला काही म्हणजे काही कळत नाही, वन्सं. मला विचारू नका. हे पाणीसुद्धा प्यायले नाहीत म्हणून मीच सांगितलं होतं. माझ्या सांगण्यावर आता काही करू नका.” आणि ती सगळ्यांसमोर रडायला लागली. सुनेनं तिचा हात धरला.

“चला,” दादा म्हणाले. “म्हणजे मी एकटा नाही.”

त्यांनी दोन्ही फायली बंद करून एकावर एक ठेवल्या. “मला वाटत होतं तुम्हा सगळ्यांना कळलंय, मीच तेवढा ढ. आठ दिवस गप्प बसलो त्याचसाठी. आता मला एकच सांगा. अर्धं काढलं आणि पुढे काही बिघडलं, तर उरलेलं काढता येतं का?”

“येतं,” सून म्हणाली. “सोपं नसतं, पण येतं. गुलाबी फायलीतले डॉक्टर म्हणाले होते तसं.”

“आणि सगळं काढलं, मग वाटलं चुकलं, तर परत बसवता येतं?”

“नाही, बाबा.”

“मग झालं तर. कुणालाच काही कळत नसेल, तर ज्यातून पुढे सुधारता येईल ते करावं. अर्धं.” त्यांनी बारक्याकडे पाहिलं. “आणि तपासणीच्या आदल्या दिवसापासून मला बेकरीत पाऊल टाकू द्यायचं नाही. तुझ्या बायकोनं मला घरात कोंडावं. तिच्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे. आपल्यातल्या कुणाच्याच नाही.”

बारक्या हसला, पण डोळे पुसत.

“फोन लाव,” दादा मोठीला म्हणाले.

“मी? सून लावेल ना.”

“तू लाव. नर्सला तू सांगितलं होतंस ना? आता हेही तूच सांग.”

तिनं गुलाबी फायलीवरचा नंबर लावला. पलीकडून आवाज आला, तिनं दादांचं नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि म्हणाली, “अर्धं. मंगळवारी.” मग कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाली, “पेशंटनं स्वतः ठरवलंय. आम्हाला कुणाला खात्री नाही.” पलीकडची बाई म्हणाली, चालेल, सोमवारी दुपारी दाखल व्हा.

बाकीचे कामाला लागले. पाच वाजत होते, संध्याकाळची गिऱ्हाइकं कुणाच्या पोटासाठी थांबणार नव्हती. आक्का खुर्ची उचलून पुढे गल्ल्याजवळ गेल्या. भाऊनं लांब दांड्याचा फळा उचलला आणि भट्टीच्या तोंडाशी जाऊन कमरेत वाकला. दादा मात्र जागचे हलले नाहीत. फायलींवर हात ठेवून उभे होते आणि वरच्या फायलीचा कोपरा बोटांनी पुन्हा पुन्हा दुमडत होते.

मोठी जवळ गेली. “अहो, काय होतंय?”

त्यांनी भाऊच्या पाठीकडे पाहिलं, तो ऐकत नाही ना याची खात्री केली. “मला फार भीती वाटतेय गं,” ते म्हणाले. “मघापासून काय बोललो तेही मला आठवत नाही.”

भट्टीच्या भांडणात, वडिलांच्या जाण्यात, पुरात पीठ वाहून गेलं तेव्हासुद्धा त्यांनी तिला असं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं काहीतरी उत्तर दिलं असतं, धीर दिला असता, होईल सगळं नीट म्हणाली असती. आज तिच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

“मलाही,” ती म्हणाली आणि त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.